तीन वाजताची आंघोळ

डब्याच्या टोकाला, संडासाच्या दाराला खेटून, थोरलीचं तट्टू उभं होतं. तट्टू म्हणजे तिची बॅटरीवर चालणारी चारचाकी स्कूटर. नऊ वर्षांपूर्वी खुब्यांची हाडं झिजली, पाय चार पावलांच्या वर चालेनात, तेव्हापासून ही गाडीच तिचे पाय झाली होती. नाव ठेवलं होतं जुन्या मैत्रिणींनी. थोरली गाडीवर ताठ बसून भाजी घ्यायला निघाली की त्या म्हणायच्या, "निघाली बाई तट्टावर बसून मोहिमेला!"

आज तट्टू गारठलं होतं. काचेच्या दाराच्या अलीकडे गरम हवा, गाद्यांची बाकं, माणसं. पलीकडे दोन डब्यांचा सांधा, आणि दाराच्या फटीतून पिठासारखा भुरभुरणारा बर्फ. संडासाचं दार उघडलं की एक वास यायचा, मिटलं की दुसरा. खाली माणसांच्या बुटांनी आणलेला बर्फ वितळून काळा राडा झाला होता, आणि गाडीने वळण घेतलं की तो राडा तट्टाच्या चाकांखालून इकडून तिकडे हेलपाटे घालत होता.

थोरलीने आपली जाड लोकरी शाल स्कूटरच्या बैठकीखाली, बॅटरीच्या डब्याभोवती गुंडाळून ठेवली होती. बॅटरी जुनी. थंडीत ती म्हाताऱ्या माणसासारखी करते, भरलेली असते पण ऐन वेळी मान टाकते. शाल तिथे ठेवून थोरली गुडघ्यांवर काही न घेता पहिल्या बाकावर बसली होती.

"मावशी, गुडघ्यांवर घे ती शाल," भाचा म्हणाला. "लोक बघतायत."

"माझे गुडघे तिकडे आहेत," थोरली काचेपलीकडे बोट दाखवत म्हणाली. "त्यांच्यावरच घातली आहे."

भाचा म्हणजे थोरलीच्या बहिणीचा, धाकटीचा, एकुलता एक मुलगा. बेचाळीस वर्षांचा, न्हाणीघराच्या फरश्या विकणाऱ्या दुकानात विक्रेता. पांढऱ्याशुभ्र फरशीवर हात फिरवून गिऱ्हाइकाला सांगायचं, बघा, डाग म्हणून धरत नाही, हे त्याचं काम. त्याच्या खिशात ओल्या कागदी रुमालांचं पाकीट कायम असायचं. आज सकाळपासून त्याने अर्धं पाकीट संपवलं होतं. दाराची मूठ पुसली, बाकाची कड पुसली, तिकीट पुसलं. आणि प्रत्येक पुसण्यामागे ओठ मुडपून एकच अक्षर, "शी!"

ते अक्षर ऐकलं की थोरलीच्या पाठीत कळ यायची.

वासाचं, राड्याचं तिला काही नव्हतं. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात तिने आणि धाकटीने एकतीस वर्षं काढली होती. रक्ताच्या चादरी, पुवाचे पंचे, बाळंतिणींची दुपटी, मेलेल्या माणसांचे शेवटचे सदरे, सगळं त्या दोघींच्या हातांखालून गेलं. धुलाईघराचा एक रिवाज होता. तिथे कोणी "शी" म्हणायचं नाही. जिच्या तोंडून तो शब्द निघाला तिने दिवसभर पहिल्या हौदावर उभं राहायचं, जिथे सगळ्यात वाईट कपडे पडत. कपड्याला काय कळतं, असं नवी आलेली एखादी म्हणायची. त्यावर धुलाईघराची मुकादमीण सांगायची, "कपड्याला नाही कळत. पण ज्याचा तो कपडा, त्याला वर खाटेवर पडल्या पडल्या कळतं." एकतीस वर्षांत दोघी बहिणींना त्या शब्दासाठी पहिल्या हौदावर कधी उभं राहावं लागलं नाही. उलट धाकटी आपणहून तिथे जायची. म्हणायची, तिथलं पाणी गरम असतं.

किळस थोरलीला आली होती ती माणसांच्या हातांची. सकाळी फलाटावर एका बाईने न विचारता तिचा गाल थोपटला होता. एका गृहस्थाने ओली छत्री तट्टाच्या दांडीला अडकवली आणि फोनवर बोलत बसला, जणू तट्टू म्हणजे खुंटी. कोणीतरी पुढच्या टोपलीत अर्धा चहा प्यालेला कागदी पेला टाकून गेलं होतं, त्यात विझवलेलं सिगारेटचं थोटूक तरंगत होतं. गाडीत चढवणाऱ्या रेल्वेच्या माणसाने तिच्या डोक्यावरून भाच्याला विचारलं, "हिला कुठे उतरवायचंय?"

"हिला विचारा की," थोरली म्हणाली होती. "हिला तोंड आहे."

तो हसला होता. लहान मूल काही बोललं की हसतात तसं. त्या हसण्याने तिच्या तोंडात जी कडू चव आली, ती अजून गेली नव्हती.

पण निघणं भाग होतं. काल दुपारी वृद्धाश्रमातून फोन आला होता. धाकटीला तिथे ठेवून वर्ष झालं होतं. अंगाची डावी बाजू एका सकाळी गेली, तेव्हापासून तिचं उठणं-बसणं, हगणं-मुतणं सगळं दुसऱ्याच्या हातात. डोकं मात्र लख्ख. फोनवर आश्रमाची मुख्य बाई बोलत होती, आवाज गोड, साखरेच्या पाकासारखा चिकट.

"तुमच्या बहीणबाई आठ दिवस झाले, अंगाला हात लावू देत नाहीत. बोलतही नाहीत. चावल्या एका मुलीला. वास येतोय हो, बाकीचे तक्रार करतात. उद्या तीन वाजता पाळी बदलते, तेव्हा दोन्ही पाळ्यांच्या मिळून चौघी जणी असतात. चौघी धरतील आणि आंघोळ घालतील. त्याआधी घरचं कोणी येऊन घातली तर चांगलंच. पण तीनच्या पुढे मी थांबू शकत नाही."

"मी येते," थोरली म्हणाली होती. "मी आल्याशिवाय तिला धरायचं नाही."

"तीनपर्यंत," मुख्य बाई गोडपणे म्हणाली आणि फोन ठेवला.

रात्रभर थोरलीला दिसत होते ते आठ हात. चौघी जणींचे. धाकटीचं एक अंग मेलेलं, एक जिवंत. त्या जिवंत अंगाने ती किती झगडणार?

गाडी बर्फामुळे रखडत होती. डब्यातल्या उबेने थोरलीचे डोळे मिटले. तेवढ्यात संडासातून एक मुलगा बाहेर आला, पाय घसरून त्याने तट्टाला धरलं, आणि त्याच्या बुटांचा राडा शालीच्या लोंबत्या टोकावर उडाला. भाच्याने काचेतून ते पाहिलं. मावशीची शाल, संडासाच्या दारात, राड्यात लोळते आहे. त्याला राहवेना. तो उठला, दोन बोटांनी शाल ओढून काढली, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली, पिशवीला गाठ मारली आणि वर सामानाच्या फळीवर ठेवली. मग बोटं पुसली. सांध्यातला वारा बॅटरीच्या उघड्या डब्यावरून सरळ वाहू लागला.

थोरली झोपेत होती. तिला यातलं काही कळलं नाही.

स्टेशनवर उतरायला दोन वाजून दहा मिनिटं झाली. उतरणीची फळी लावायला माणूस येईना. आला तेव्हा त्याने थोरलीच्या काखेत हात घालून तिला पोत्यासारखी उचलली. त्याच्या हातमोज्यांना मासळीचा वास होता. "सांगितलं असतं तर मी स्वतः उतरले असते," ती म्हणाली. "कशाला त्रास, आजी," तो म्हणाला, आणि वर तिच्याच पदराला हात पुसले.

बाहेर टॅक्सीवाल्यांनी तट्टू पाहिलं आणि काचा वर केल्या. एकाने तेवढी काच खाली करून सांगितलं, "आश्रम वर टेकाडावर आहे ना? सकाळपासून दोन गाड्या घसरून खांबाला टेकल्यात. मी नाही येत बुवा."

"किती लांब?" थोरलीने विचारलं.

"चालायला अर्धा तास."

"मी चालतच नाही," थोरली म्हणाली आणि तट्टाची चावी फिरवली. दिव्यांच्या पट्टीवर पाचातले तीन दिवे लागले. घरून निघताना पाच होते. तिने भुवया उंचावल्या, पण बोलायला वेळ नव्हता.

शहर गोठलेलं होतं. पदपथाच्या कडेला लोटलेला बर्फ करडा, मळका, जुन्या पिंजलेल्या गादीसारखा. त्यात काय नव्हतं! कुत्र्यांच्या विष्ठेचे गोठलेले खडे, पानाच्या पिंकांचे लाल ठिपके, फुटकी बाटली, कोणाचा तरी एक हातमोजा बोटं वर करून. दुकानदारांनी आपापल्या दारापुरता बर्फ साफ करून शेजाऱ्याच्या दारात ढकलला होता. तट्टू डुचमळत होतं. पुढची चाकं राडा कापत जायची आणि तो थोरलीच्या बुटांवर, साडीच्या काठावर, हातांवर उडायचा. भाचा दोन पावलं बाजूने चालत होता. बाजूने, म्हणजे असा, की बघणाऱ्याला वाटावं हा वेगळा चाललाय.

"शी, मावशी, सांभाळ. पुढे कुत्र्याचं आहे."

"दिसतंय."

"शी! चाकाला लागलं."

"लागू दे. चाकाला जीभ नाही."

चौकात उभी असलेली दोन कॉलेजची पोरं हसली. एक म्हणाला, "आजी, हॉर्न वाजवा की!" थोरलीने वाजवला. मोठा, कर्कश्श, बदकाच्या गळ्यासारखा. पोरं दचकून राड्यात उतरली. क्षणभर तिला बरं वाटलं, आणि त्याच क्षणी तिनांतला दुसराही दिवा गेला.

टेकाड सुरू झालं. अर्धा चढ चढून तट्टू गुरगुरलं. मग कण्हलं. उरलेला एकुलता एक दिवा मिचमिचला आणि विझला. गाडी थांबली. चाकं आपोआप जखडली गेली. आजूबाजूला एकही माणूस नव्हता, फक्त वरून घसरत येणारा वारा.

थोरली बैठकीखाली वाकली. हात घातला. डबा उघडा, बर्फासारखा थंड.

"शाल कुठे आहे?"

भाच्याने पाठीवरची पिशवी पुढे घेतली, त्यातून गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी काढली.

"कधी काढलीस?"

"गाडीत. तू झोपली होतीस. तिच्यावर संडासातलं... मावशी, ती घाणीत लोळत होती. मी तुझ्यासाठी..."

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. तिला आयुष्यात प्रथमच एका स्वच्छ माणसाची किळस आली. हा पोरगा, याचे लंगोट तिने स्वतः धुतले होते. आज याला चार शिंतोडे बघवले नाहीत आणि त्यापायी याच्या आईला चौघी जणी धरणार होत्या.

"किती वाजले?"

"दोन चाळीस."

"आश्रमाला फोन लाव."

त्याने लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"मग तू पळ," थोरली म्हणाली. "मला इथे राहू दे. चढ संपला की आश्रम. दहा मिनिटांत पोचशील. सांग त्यांना, मावशी येते आहे, थांबा. नाही थांबल्या तर तूच घाल आंघोळ. पायांपासून सुरू कर, पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघ, आणि तोंडाने..."

"मी नाही जाणार."

"का?"

"तुला इथे थंडीत टाकून?"

"मी गोठत नाही एवढ्यात. पळ."

"नाही मावशी." मग तो तट्टाच्या मागे गेला, जिथे तिला तो दिसत नव्हता. "ती पिवळी दांडी कुठे असते, चाकं मोकळी करायची?"

"उजव्या चाकाशी. पण एकदा ती ओढली की ब्रेक लागत नाही. सुटलं तर मी सरळ खाली स्टेशनात."

"नाही सुटणार."

दांडी ओढल्याचा खट्ट आवाज झाला. तट्टू किंचित मागे घसरलं आणि मग त्याच्या छातीला टेकून थांबलं. भाच्याने ढकलायला सुरुवात केली. एक पाऊल, मग घसरण, मग अर्धं पाऊल. त्याचे गुळगुळीत तळाचे दुकानातले बूट राड्यात फसत होते. एकदा तो गुडघ्यावर पडला, नेमका एका लाल पिंकेवर. थोरलीने "शी" येण्याची वाट पाहिली. आली नाही. नुसता धापांचा आवाज.

आणि मग तिच्या पाठीमागून, धापांच्या मधून, तो बोलू लागला.

"दहा दिवसांपूर्वी मी गेलो होतो. तिला भेटायला. तू म्हणत होतीस ना, जात जा. गेलो. तिच्याशी बोलत होतो आणि... तिला कळलंच नाही, किंवा कळलं आणि थांबवता आलं नाही. चादर भरली. माझ्या पँटला लागलं. आणि माझ्या तोंडून गेलं."

वाऱ्याने थोरलीच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं, ते गालावर येऊन गार पडत होतं.

"मोठ्याने गेलं. उडी मारून मागे सरकलो मी. ती माझ्याकडे बघत होती. मावशी, ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त चांगल्या हाताने चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि डोळे मिटले. मी निघून आलो. दुसऱ्या दिवसापासून तिने..." तो घसरला, पुन्हा सावरला. "म्हणून मी पुढे जाऊन काय उपयोग? मला बघून ती जास्तच..."

"ढकल," थोरली म्हणाली. एवढंच. दुसरं काही बोलली असती तर शिवी निघाली असती, आणि शिवीने चढ संपत नाही.

पण तिला कळत होतं. धुलाईघरातल्या बायकांनी पोटच्या पोरांना अंगाई दिली, जेवण दिलं, शाळेची फी दिली. आपला रिवाज मात्र कोणी घरी नेला नाही. हौदाजवळचं हौदाजवळच राहिलं. दोघी बहिणी घरी जायच्या आधी कोपरापर्यंत हात घासायच्या, पोराला वास येऊ नये म्हणून. त्याला इतकं स्वच्छ वाढवलं की त्याला आईच परकी झाली. या विचाराची तिला शिसारी आली. आणि ती शिसारी भाच्याची नव्हती.

आश्रमाचं दार आलं तेव्हा दाराआतल्या घड्याळात तीन वाजून सहा मिनिटं झाली होती. दार काचेचं, लखलखीत. फिनेलचा वास बाहेरपर्यंत. आत पाऊल टाकताच दारवान आडवा आला, हातात फडकं.

"थांबा, थांबा! ही चाकं आत नाही चालणार. बघा काय अवतार आहे! बाहेरची गाडी बाहेर. आतली खुर्ची देतो, पण जरा वेळ लागेल. खुर्ची जेवणघरात आहे, किल्ली बाईंकडे, आणि बाई न्हाणीघरात."

"कोणाला घेऊन?" थोरलीने विचारलं.

दारवानाला उत्तर द्यावं लागलं नाही. लांब बोळाच्या टोकाकडून आवाज आला. शब्द नव्हता तो. नऊ दिवस न बोललेल्या गळ्यातून निघालेला, खरखरीत, जनावरासारखा. त्यावर पाण्याचा फवारा, आणि चार बायकांचे मिसळलेले आवाज. "धर गं, धर! पाय धर!" "आजी, हात सोडा, हात सोडा म्हणते!" "शी, अंगावर आलं माझ्या!"

थोरलीने पुढच्या दांडीवर हात आपटला. तट्टू मेलेलंच होतं. ती उतरायला गेली. एक पाय खाली, दुसरा अडकला, खुब्यातून कळ जाऊन डोळ्यांपुढे काजवे चमकले. चार पावलं तिला चालता येत होती. बोळ तीस पावलांचा होता.

"आजी, पडाल! बसा आधी!" दारवानाने तिचे दोन्ही खांदे धरून तिला खाली दाबलं.

"हात काढ," थोरली म्हणाली. अशा आवाजात, की त्याने काढले. मग तिने मान मागे वळवून भाच्याकडे पाहिलं. तो दारातच उभा होता. गुडघ्याला लाल डाग, हात काळे, तोंडातून वाफ. आणि चेहऱ्यावर भीती, शाळेच्या पहिल्या दिवशी असते तशी.

"ती नागवी असेल," तो हळूच म्हणाला.

"हो."

"माझी आई आहे ती, मावशी."

"म्हणूनच म्हणते. जा."

बोळातून पुन्हा तो आवाज आला. भाचा निघाला. आधी चालत, मग पळत. त्याच्या बुटांचे काळे ठसे पांढऱ्या फरशीवर उमटत गेले. दारवान "अहो! अहो बूट!" करत मागे दोन पावलं धावला आणि थांबला. न्हाणीघराचं दार आपटून उघडलं. थोरलीला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. तिने दांडी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली.

"अहो, इथे पुरुषांना..."

"सोडा तिला!"

"तुम्ही कोण?"

"मुलगा. सोडा म्हणतो ना! तो फवारा बंद करा. बंद करा! तिचा तो हात मेलेला आहे, तो पिरगाळताय तुम्ही. तिला कळतही नाही दुखतंय ते."

पाणी थांबलं. सगळंच थांबलं. मग मुख्य बाईचा तो पाकासारखा आवाज, या वेळी थोडा करपलेला. "ठीक आहे. घाला तुम्ही. बघू या."

चौघी जणी बोळातून ओल्या, चिडलेल्या, कुजबुजत बाहेर आल्या. त्यांतल्या सगळ्यात लहान मुलीच्या मनगटाला पट्टी होती. ती थोरलीजवळ थबकली आणि डोळे पुसत म्हणाली, "आम्हाला तरी काय हौस आहे का हो?" थोरलीला तिच्यावर रागावता येईना. तिलाही कोणी पहिल्या हौदावरचं काही शिकवलं नव्हतं.

"चाकं पुसायला फडकं दे," थोरली दारवानाला म्हणाली. "आणि मागून ढकल. खुर्चीच्या किल्लीची मी वाट बघणार नाही."

न्हाणीघरात वाफ होती. प्लास्टिकच्या खुर्चीवर धाकटी बसली होती. किती लहान झाली होती! केसांत साबणाचा फेस तसाच, खांद्यावर चार बोटांचे लाल वळ, मांड्यांवर नऊ दिवसांचं वाळलेलं, अर्धं भिजून ओघळणारं. भाच्याने स्वतःचा कोट काढून तिच्या अंगावर टाकला होता आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. फरशीच्या सांध्यांकडे एकटक बघत.

धाकटीने मान वळवली. थोरलीला पाहिलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही.

"आले गं," थोरली म्हणाली. "तट्टू मेलं वाटेत. नाहीतर वेळेवर आले असते."

तिने तट्टू खुर्चीला भिडवून घेतलं, बाह्या वर केल्या. हात थंडीने लाकडासारखे झाले होते. आधी गरम पाण्याच्या बादलीत कोपरापर्यंत बुडवून बसली. मग पायांपासून सुरुवात केली. बोटांच्या बेचक्यांतून, घोट्यांवरून, हळूहळू वर. भाच्याला ती न बघता सांगत होती, "बादली." "तांब्या." "तो हात धर. खालून. मनगटाला नाही, कोपराला आधार दे, बाळाचं डोकं धरतात तसा." तो धरत होता. भिंतीकडे बघत धरत होता. आणि थोरलीच्या ओठांवर आपसूक धुलाईघरातलं ते तीन पाण्यांचं गाणं आलं, जे दोघी हौदाच्या दोन कडांना उभ्या राहून म्हणायच्या:

*पहिलं गं पाणी, दुखणं वाहून नेई,*
*दुसरं गं पाणी, डागाला निरोप देई,*
*तिसरं गं पाणी, आरसा होऊन राही,*
*त्यात मी माझ्या बहिणीला पाही.*

धाकटीने डोळे मिटले. जिवंत बाजूचा खांदा, इतका वेळ कानापर्यंत चढलेला, जरा खाली आला.

मग पाठीमागचं धुवायची वेळ आली. "तिला पुढे झुकव," थोरली म्हणाली. "छातीशी घे. मला मागे हात पोचला पाहिजे." भाच्याला आता भिंतीकडे बघता येईना. त्याने आईला मिठीत घेतलं. त्याच्या स्वच्छ सदऱ्यावर फेस लागला, आणि फेसाबरोबर बाकीचंही. वास त्याच्या थेट तोंडावर आला. थोरलीला त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली होताना दिसली. एकदा. दोनदा. तो सोडेना. थोरलीचं धुऊन संपेपर्यंत त्याने सोडलं नाही. मग आईला हळूच मागे टेकवलं, रिकामी बादली उचलली, आणि झपाझप बाहेर गेला.

बोळातून ओकारीचा आवाज आला. पोटातलं सगळं उलटून काढणारा, लाज न बाळगणारा. दारवान काहीतरी ओरडला. परत एकदा तोच आवाज.

दोघी बहिणी ऐकत राहिल्या. थोरलीचा हात धाकटीच्या पाठीवर होता, आणि त्या पाठीतून काहीतरी थरथरत आल्याचं तिला जाणवलं. रडते आहे, असं तिला वाटलं. वाकून पाहिलं तर धाकटीच्या जिवंत बाजूचा ओठ वाकडा होऊन वर गेला होता.

दार ढकलून भाचा आला. डोळे लाल, हनुवटी ओली, हातात वाफाळती भरलेली बादली. ती त्याने आईच्या पायांशी ठेवली आणि हात पुढे करून उभा राहिला, आता काय धरू अशा आविर्भावात.

धाकटीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. नऊ दिवसांनी शब्द तिचा गळा खरवडून बाहेर आला.

"ताई, त्याला म्हणावं, आधी तोंड धू. मग ये."